चौकटीवरची नोंद

कलेतिहास शिकवणाऱ्यापुढची पहिली अडचण अगदी व्यावहारिक असते, ती अशी की ज्या वस्तूविषयी बोलायचे ती वस्तू वर्गात नसते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे क्षार ठेवता येतो, व्याकरणाच्या विद्यार्थ्यापुढे वाक्य मांडता येते. परंतु वेरूळचे कैलास लेणे, फ्लॉरेन्समधल्या एखाद्या मठाच्या भिंतीवरचे चित्र किंवा संग्रहालयात काचेआड जपलेले पोथीचे पान व्याख्यानाच्या वेळी समोर आणता येत नाही, आणि म्हणून या विषयाचे अध्यापन आरंभापासून प्रतिमेच्या आधाराने चालत आले आहे. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या कलेतिहास विभागांत या गरजेपोटी एक स्वतंत्र दालन उभे राहिले, ज्यात उथळ खणांची लोखंडी कपाटे असत, खालून प्रकाश सोडलेली दुधी काचेची मेजे असत, आणि हजारोंच्या, कुठे कुठे लाखांच्या संख्येने स्लाइड, म्हणजे प्रकाश आरपार जाईल अशा छोट्या पारदर्शिका, क्रमाने लावून ठेवलेल्या असत. शिक्षक व्याख्यानाच्या आदल्या दिवशी तेथे येऊन आपल्या स्लाइड निवडत, त्या उजेडावर धरून पाहत, आणि व्याख्यान संपल्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवल्या जाव्यात म्हणून संग्रहपालाच्या स्वाधीन करत.

या दालनाकडे अध्यापनाचे साहाय्यक साधन म्हणून पाहण्याची सवय इतकी रुजलेली आहे की ते स्वतः एक विद्वत्तेचे काम आहे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ग्रंथाला लेखक असतो, त्याचे नाव मुखपृष्ठावर येते. प्रतिमासंग्रहालाही लेखक असतात, पण ते स्लाइडच्या चौकटीवर बारीक अक्षरांत वस्तूचे नाव, स्थळ, काळ आणि माध्यम लिहून निनावी राहतात. कोणती वस्तू संग्रहात यावी, तिचे कोणत्या बाजूने टिपलेले छायाचित्र ठेवावे, तिला कोणत्या खणात जागा द्यावी आणि तिच्या काळाविषयीच्या अनेक मतांपैकी कोणते मत चौकटीवर उतरवावे, हे सर्व निर्णय अखेरीस विद्यार्थ्याच्या मनात त्या वस्तूचे जे रूप ठसते ते ठरवत आले आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांचे उदाहरण यासाठी विशेष उपयोगी पडते, कारण प्रत्यक्ष भिंत, तिची प्रतिकृती, तिचे छायाचित्र आणि त्यावरची नोंद या चारही गोष्टींचा इतिहास तेथे बराच लांब आणि बराच वेदनादायक आहे.

छायाचित्रापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ शिक्षणासाठी हाताने केलेल्या प्रतिकृतींचाच आधार होता. मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातील नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले आणि त्यांनी या कामाला आयुष्याची कित्येक वर्षे दिली. लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत जळून गेल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह ते काम पुन्हा आरंभले. हे विद्यार्थी, ज्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा पुढे नावाजलेला चित्रकार होता, लेण्यांत बसून भिंतीवरची रेषा आपल्या हातातून उतरवत शिकत होते, आणि म्हणून या नकलांना भारतातील कलाशिक्षणाचा एक आद्य प्रतिमासंग्रह म्हणण्यास हरकत नाही. त्यांतल्या लंडनला पाठवलेल्या कित्येक नकलाही १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये छापून आले तेव्हा वाचकाच्या हाती पडले ते भिंतीच्या नकलेचे मुद्रण, म्हणजे मूळ वस्तूपासून दोन पायऱ्या दूरचे रूप; तरीही वाघोरा नदीकाठच्या त्या कड्यापर्यंत जे कधी पोहोचणार नव्हते अशा असंख्य अभ्यासकांसाठी तेच अजिंठा होते.

इकडे जर्मन विद्यापीठांत याच सुमारास अध्यापनाची रीत बदलत होती. काचेवर छायाचित्र उतरवून ते दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखवण्याचे तंत्र १८५० च्या आसपास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लांगेनहाइम बंधूंनी सिद्ध केले होते. कार्ल्सरूह येथे ब्रुनो मायर यांनी १८७० नंतर ते कलेतिहासाच्या वर्गात आणले, आणि बर्लिन विद्यापीठात हेर्मान ग्रिम यांनी १८९० नंतर त्याचा हिरीरीने पुरस्कार केला. महाराष्ट्रालाही हे यंत्र अपरिचित नव्हते; कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ दाखवले, आणि ती कला त्यांच्या घराण्यात पुढेही चालत राहिली. मात्र तेथे काचांची मालिका कथा सांगत होती, तर बर्लिनच्या व्याख्यानगृहात तिने पुरावा मांडायचा होता.

ग्रिम यांच्यानंतर १९०१ मध्ये बर्लिनच्या अध्यासनावर आलेले हाइनरिख व्योल्फलिन यांच्या नावाशी दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी ठेवून दोन प्रतिमा एकाच वेळी दाखवण्याची पद्धत कायमची जोडली गेली आहे. एका बाजूला सोळाव्या शतकातले चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याच विषयावरचे सतराव्या शतकातले चित्र असे अंधारात समोर उभे राहिले की पाहणाऱ्याची नजर आपोआप एकावरून दुसऱ्याकडे जाते, साम्य शोधते, भेद शोधते, आणि ज्याला शैली म्हणतात, म्हणजे एखाद्या काळाची रूप घडवण्याची सवय, ती डोळ्यांना दिसू लागते. १९१५ च्या आपल्या ग्रंथात व्योल्फलिन यांनी रेषाप्रधान आणि रंगप्रधान, सपाट आणि खोल, बंदिस्त आणि खुले अशा ज्या जोड्या मांडल्या, त्यांच्या घडणीत या दुहेरी पडद्याचा वाटा किती यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. तो वाटा निश्चितपणे मोजता येणार नाही, पण जोडीने पाहण्याची सवय लागलेल्या विद्येला जोडीने विचार करण्याची सवय लागावी हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. छायाचित्र निष्पाप नसते हे व्योल्फलिन यांना स्वतःला पक्के ठाऊक होते: शिल्पांची छायाचित्रे कशी घ्यावीत यावर त्यांनी १८९६ पासून लेख लिहिले, आणि शिल्पकाराने ज्या बाजूने मूर्ती पाहिली जावी असे ठरवले होते ती बाजू सोडून कोपऱ्यातून, चमत्कृतीसाठी घेतलेली छायाचित्रे मूर्तीची रूपरेषाच बिघडवतात अशी तक्रार केली. १९२८ च्या एका लेखात त्यांनी चित्रातील डाव्या-उजव्या बाजूंचा विचार केला, आणि स्लाइड उलटी लागल्यावर चित्राचा सारा भाव कसा ढळतो या वर्गातल्या अनुभवाला सिद्धान्ताची प्रतिष्ठा दिली.

या पद्धतीची एक मर्यादा भारतीय कलेच्या संदर्भात अधिक तीव्रतेने जाणवते. शेजारी ठेवण्याजोगी असतात ती सुटी चित्रे, चौकटीतली, एका दृष्टिक्षेपात मावणारी. लेणे अशा रीतीने शेजारी ठेवता येत नाही, कारण ते आत शिरून, चालत, वळत, उजेडातून काळोखात जात पाहायचे असते. पडद्यावर सर्व वस्तू सारख्याच आकाराच्या होतात, आणि हा परिणाम आंद्रे मालरो यांनी १९४७ मध्ये आपल्या काल्पनिक संग्रहालयाच्या संकल्पनेत विस्ताराने वर्णिला आहे. घारापुरीच्या लेण्यातील सदाशिवाची सुमारे साडेपाच मीटर उंचीची मूर्ती आणि तळहातावर मावणारे रागमालेतले पान ही दोन्ही २४ बाय ३६ मिलिमीटरच्या फिल्मवर येतात आणि पडद्यावर समान उंचीने उभी राहतात. ज्या विद्यार्थ्याने घारापुरीच्या मागच्या भिंतीजवळ उभे राहून वर पाहिलेले नाही त्याला त्या मूर्तीपुढे माणसाचे शरीर किती लहान होते हे कोणत्याही स्लाइडवरून कळत नाही. चौकटीवर मापे लिहिण्याची शिस्त म्हणूनच महत्त्वाची ठरते, आणि दुर्दैवाने जुन्या संग्रहांत सर्वांत अधिक गाळली गेलेली नोंद मापांचीच आहे.

काचेच्या जड स्लाइडची जागा ३५ मिलिमीटरच्या फिल्मने घेतली ती १९३० नंतरच्या दशकांत. १९३५ मध्ये आलेली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म पुढच्याच वर्षी स्थिरचित्रणासाठी मिळू लागली, दोन इंच चौरस पुठ्ठ्याच्या किंवा काचेच्या चौकटीत बसवलेली स्लाइड सर्वत्र रूढ झाली, आणि १९६० नंतरच्या दशकात कोडॅकच्या कॅरोसेल प्रोजेक्टरमुळे, ज्याच्या गोल तबकात ८० स्लाइड उभ्या राहत, एक पूर्ण व्याख्यान हातात धरून वर्गात नेता येऊ लागले. प्रत्येक चौकटीच्या एका कोपऱ्यात रंगीत ठिपका चिकटवलेला असे. स्लाइड हातात सरळ धरली की तो खाली डावीकडे येई, आणि प्रोजेक्टरमध्ये उलटी घालताना नेमका अंगठ्याखाली सापडे, त्यामुळे चित्र पालथे किंवा आरशातल्यासारखे उलटे लागण्याचा धोका टळे. व्योल्फलिन यांनी ज्यावर लेख लिहिला त्या अडचणीवरचा हा व्यवहारी उपाय होता, आणि तो करणारे संग्रहपाल कलेतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात नावाने येत नाहीत.

लाखभर स्लाइड लावायच्या तर त्यांना क्रम हवा. बहुतेक पाश्चात्त्य संग्रहांनी देश, मग काळ, मग माध्यम, म्हणजे वास्तू, शिल्प, चित्र, आणि त्यानंतर कलावंताचे नाव असा क्रम स्वीकारला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत वेंडेल सायमन्स आणि लुरेन टॅन्सी यांनी संगणकाला समजेल अशी सांकेतिक पद्धत तयार करून १९७० मध्ये ग्रंथरूपाने मांडली, आणि ती अनेक ठिकाणी वापरली गेली. युरोपीय चित्रकलेसाठी हा क्रम बऱ्यापैकी चालतो, कारण तेथे चित्र सुटे असते आणि त्याला कर्त्याचे नाव असते. परंतु माध्यम हा विभाग एकदा वर आला की अजिंठ्याचे सतरावे लेणे तीन खणांत वाटले जाते: त्याचा ओवरीचा दर्शनी भाग वास्तूंच्या खणात, गर्भगृहातला बुद्ध शिल्पांच्या खणात आणि भिंतीवरचे विश्वंतर जातक चित्रांच्या खणात. ज्या कारागिरांनी एकाच खडकातून खांब, मूर्ती आणि चित्राचा मातीचा गिलावा यांची एकत्र योजना केली, त्यांचे काम विद्यार्थ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या व्याख्यानांतून, क्वचित तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडून पोहोचते. कर्त्याचे नाव नसल्यामुळे त्या जागी स्थळाचे नाव लिहिले जाते, आणि त्यातून भारतीय कला ही व्यक्तींची नसून स्थळांची कला आहे अशी समजूत नकळत पक्की होते, वास्तविक सोळाव्या लेण्याचा लेख वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याचे आणि सव्विसाव्या लेण्याचा लेख भिक्षू बुद्धभद्र याचे नाव स्पष्टपणे सांगतो. दात्याच्या नावाला खणांच्या क्रमात जागा असती तर भारतीय कलेतिहासाचे अध्यापन कदाचित वेगळ्या प्रश्नांपासून सुरू झाले असते.

अजिंठ्याच्या स्लाइडची सर्वांत चिकाटीची कहाणी महाराष्ट्रापासून फार दूर, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात घडली. तेथे १९६१ पासून चार दशके शिकवणारे वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांनी दक्षिण आशियाई कलेच्या अमेरिकन अभ्यासकांच्या संघटनेमार्फत रंगीत स्लाइडचा एक प्रकल्प उभा केला, ज्यातून भारतातल्या स्थळांचे संच तयार होऊन इतर विद्यापीठांना पुरवले जात. ज्या विद्यापीठात भारतीय कला जाणणारा एकच शिक्षक असे आणि भारतात छायाचित्रकार पाठवण्याइतका पैसा नसे, तेथेही त्यामुळे सुसंगत, नीट नोंद केलेल्या प्रतिमा पोहोचल्या, आणि एका पिढीने अजिंठा, वेरूळ, घारापुरी ही स्थळे या संचांतून प्रथम पाहिली. एका विद्यापीठाच्या संग्रहाने देशभरच्या वर्गांची नजर घडवावी असे उदाहरण विरळा आहे.

स्पिंक यांचे स्वतःचे संशोधनही याच सूक्ष्म पाहण्यातून वाढले. अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातील लेणी कित्येक पिढ्यांमध्ये, दोनशे वर्षांच्या ओघात सावकाश कोरली गेली असे मानले जात असताना, ती सर्व हरिषेणाच्या राजवटीत आणि तिच्या लगतच्या मोजक्या वर्षांत, साधारणतः इ. स. ४६२ ते ४८० या काळात, अतिशय वेगाने कोरली गेली असे मत त्यांनी मांडले आणि २००५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या अनेक खंडांच्या ग्रंथात त्याचा विस्तार केला. या मताचा आधार प्रसिद्ध चित्रांवर नव्हता. दाराची फळी ज्यात फिरते ते उंबऱ्यातले आणि चौकटीतले खळगे कोणत्या पद्धतीने कोरले आहेत आणि ती पद्धत एका लेण्यातून दुसऱ्यात कशी सुधारत गेली, राहण्याच्या खोल्यांच्या रांगेत गर्भगृहाची कल्पना मागाहून कशी घुसवली गेली, कोणते खांब अर्धवट राहिले, आणि मूळ योजनेत नसलेल्या, मिळेल त्या मोकळ्या जागी कोरलेल्या बुद्धमूर्ती कोणत्या क्षणी प्रकट होतात, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या खुणांवर तो उभा होता. हरिषेणाच्या मृत्यूनंतर राजाश्रय कोसळला, मूळ दाते नाहीसे झाले, आणि उरलेल्या भिक्षूंनी व स्थानिक भक्तांनी घाईघाईने स्वतःच्या पुण्यासाठी सुट्या मूर्ती कोरवून घेतल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्व विद्वानांनी तो जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. एकेका वर्षापर्यंत नेलेल्या काटेकोर कालक्रमावर अनेकांनी आक्षेप घेतले, जरी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचा बहर सामावतो हे मत आज बरेच मान्य आहे.

येथे नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचे ऋण सांगितलेच पाहिजे. वाकाटकांच्या लेखांचे त्यांनी केलेले संपादन, जे १९६३ मध्ये भारतीय अभिलेखांच्या मालेत प्रसिद्ध झाले, त्यावाचून हरिषेणाविषयीची कोणतीही चर्चा उभी राहिली नसती. मिराशींनी हरिषेणाचा काळ सुमारे इ. स. ४७५ ते ५०० असा धरला होता; दंडीच्या दशकुमारचरितातील विश्रुताच्या कथेत वाकाटक साम्राज्याच्या पडझडीची छाया आहे हे त्यांचे निरीक्षण स्पिंक यांनी उचलले, पण काळ मागे नेला. दोघांच्या मतांतील अंतर पंधरा-वीस वर्षांचे आहे, आणि चौकटीवर लिहायचे तर ते दोन-चार आकड्यांत मावते. परंतु या आकड्यांमागे एकीकडे शिलालेखांच्या अक्षरवळणाचा आणि राजवंशांच्या वंशावळींचा, तर दुसरीकडे दारांच्या खळग्यांचा अभ्यास आहे, आणि वर्गात स्लाइड क्षणभर पडद्यावर राहते तेव्हा शिक्षकाने तोंडाने सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याला यातले काहीच कळत नाही.

चौकटीवरच्या काळाची याहून जुनी आणि याहून बोधक कथा पहिल्या लेण्यातल्या एका दृश्याची आहे. टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजापुढे भेटी घेऊन आले आहेत असे ते दृश्य. जेम्स फर्ग्युसन यांनी एकोणिसाव्या शतकात ते चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारी आलेल्या इराणच्या दुसऱ्या खुसरोच्या शिष्टमंडळाचे आहे असे मानले, आणि त्यामुळे लेणे सातव्या शतकात आले. हा तर्क आकर्षक होता, कारण त्याने निनावी भिंतीला दोन ज्ञात राजे दिले, आणि तो पाठ्यपुस्तकांतून व स्लाइडच्या नोंदींतून दीर्घकाळ टिकला. पुढे दृश्य बौद्ध कथेतील राजसभेचे आहे असा अर्थ लावला गेला आणि लेण्याचा काळही मागे सरकला; तरीही जेथे जुनी चौकट बदलली गेली नाही तेथे ‘इराणी शिष्टमंडळ, सातवे शतक’ अशी नोंद निमूटपणे विद्यार्थ्यांना शिकवत राहिली. ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली की वाचकाला ते कळते. चौकटीची नवी आवृत्ती निघत नाही. तंत्राच्या नोंदींचेही असेच झाले आहे: अजिंठ्याची चित्रे माती, भुसा, तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर चिकद्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत, पण ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या इटालियन तंत्राचे फ्रेस्को हे नाव १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या लेडी हेरिंगहॅम यांच्या ग्रंथाच्या शीर्षकापासून असंख्य स्लाइडपर्यंत त्यांना चिकटून राहिले.

छायाचित्र कोठे कापायचे हाही निर्णयच आहे, आणि पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाइतका त्याचा परिणाम दुसऱ्या कोणत्याही प्रतिमेवर झालेला नसेल. जगभरच्या पुस्तकांत आणि स्लाइडसंचांत तो बहुधा एकटा, कमरेपासून वर, झुकलेल्या मानेसह दिसतो, आणि त्याचे सौंदर्य एखाद्या युरोपीय व्यक्तिचित्रासारखे स्वयंपूर्ण वाटते. प्रत्यक्षात तो मागच्या भिंतीवर, गर्भगृहाकडे नेणाऱ्या दाराच्या डाव्या बाजूला आहे. दाराच्या उजव्या बाजूला त्याच्या तोलाचा दुसरा बोधिसत्त्व आहे, आणि दोघांच्या मधून, आतल्या काळोखात, दगडात कोरलेला धर्मोपदेश करणारा बुद्ध बसलेला आहे. दोन्ही बोधिसत्त्वांचा अर्थ त्या मधल्या बुद्धामुळे पुरा होतो, आणि त्यांना एकेकटे कापून घेणारी चौकट भक्ताची वाटच पुसून टाकते. सतराव्या लेण्यातील जातककथांबाबत जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी दाखवून दिले की प्रसंगांची मांडणी बहुधा काळाच्या क्रमाने नसून स्थळाच्या क्रमाने आहे, म्हणजे एकाच राजवाड्यात वेगवेगळ्या वेळी घडलेले प्रसंग भिंतीवर शेजारी शेजारी येतात. स्लाइड मात्र एकामागून एक येतात, आणि कथेचा क्रम लावण्यासाठी शिक्षक भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उड्या मारतो. विद्यार्थी कथा शिकतो, पण चित्रकाराने ती कशी रचली ते त्याच्या हाती येत नाही. श्लिंगलॉफ यांनी आपल्या विवेचनासाठी छायाचित्रांपेक्षा रेखाटनांवर अधिक भर दिला, कारण झिजलेल्या भिंतीवर डोळ्याला जे सापडते ते कॅमेऱ्याला पुष्कळदा सापडत नाही. हे प्रतिमासंग्रहांनी मनावर घेण्यासारखे आहे: ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांची पेन्सिल आणि रंगीत फिल्म या दोन्ही एकमेकींना पूरक नोंदी आहेत, आणि एक आल्यामुळे दुसरी कालबाह्य ठरत नाही.

याहून गंभीर उणीव एका तारखेची आहे. स्लाइडच्या चौकटीवर वस्तूचा काळ असतो, परंतु छायाचित्र कधी घेतले ती तारीख फार थोड्या संग्रहांनी नियमाने लिहिली. अजिंठ्याच्या बाबतीत ही उणीव भरून न येणारी आहे, कारण तेथली भिंत बदलत आली आहे: हैदराबाद संस्थानाने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांचे जतन करून घेतले तेव्हा वापरलेला लाखेचा थर पुढे पिवळा-काळपट पडला, त्या संस्थानच्या वतीने गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले, त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वेळोवेळी साफसफाई केली, आणि दहाव्या लेण्यातील अतिप्राचीन चित्रांचे बरेच भाग अलीकडच्या दशकांत काजळीखालून पुन्हा दिसू लागले. म्हणजे एकाच भिंतीच्या १९५५, १९७५ आणि २००५ मधल्या स्लाइड या तीन निराळ्या साक्षी आहेत. रंग उडाला की थर चढला, गिलावा पडला की दुरुस्त झाला, हे त्या तिघींना शेजारी ठेवूनच कळू शकते, आणि तारीख नसेल तर त्या तिन्ही स्लाइड केवळ चांगल्या-वाईट प्रती होऊन बसतात. व्योल्फलिन यांच्या दोन पडद्यांचा सर्वांत उपयुक्त वापर, म्हणजे एकाच वस्तूच्या दोन अवस्था शेजारी ठेवून पाहणे, या एका गाळलेल्या ओळीमुळे अशक्य झालेला आहे.

स्लाइडही स्वतः नाशवंत आहे. कोडाक्रोम अंधारात रंग फार चांगले टिकवते पण प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर फिकी होते, तर जुन्या एक्टाक्रोम फिल्मचे रंग खणात बंद असतानाही उडत जातात आणि स्लाइड हळूहळू गुलाबी-तांबडी पडते. ज्या विद्यार्थ्याने अजिंठ्याचा निळा, म्हणजे अफगाणिस्तानातून आणलेल्या लाजवर्द दगडाचा तो खोल रंग, अशा तांबूस स्लाइडमधून पाहिला, त्याला त्या निळ्याच्या व्यापाराची आणि किमतीची कल्पना येणे कठीण. ज्या प्रती प्रतींवरून काढल्या गेल्या त्यांची अवस्था आणखी वाईट झाली.

२००४ हे या इतिहासातले वळण मानावे लागेल. त्या वर्षी कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टरचे उत्पादन थांबवले, आणि त्याच वर्षी मेलन प्रतिष्ठानाने उभा केलेला आर्टस्टोर हा संगणकीय प्रतिमासंग्रह विद्यापीठांसाठी खुला झाला, ज्याचा आरंभीचा मोठा भाग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो शाखेतल्या स्लाइडसंग्रहातून घेतलेला होता. मिशिगनमधल्या दक्षिण आशियाई स्लाइडही पुढे त्यात आल्या. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये संपले. संगणकाने खणाची बंदी मोडली हे त्याचे मोठे देणे आहे: आता सतराव्या लेण्याचा खांब, मूर्ती आणि चित्र एकाच शोधात एकत्र येऊ शकतात, वराहदेवाचे नाव टाकूनही लेणे सापडू शकते, आणि विद्यापीठांच्या प्रतिमासंग्रहपालांच्या, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ठरवलेल्या नोंदपद्धतीत वस्तूची नोंद आणि प्रतिमेची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या जातात. हा भेद वरवर तांत्रिक दिसला तरी शतकभराच्या गोंधळाचे निवारण त्यात आहे, कारण वस्तू पाचव्या शतकातली आणि प्रतिमा विसाव्या शतकातली असते, दोघींचे कर्ते निराळे, तारखा निराळ्या, आणि दोघींचे सत्य वेगवेगळ्या पुराव्यांनी तपासायचे असते.

पण रूपांतराच्या घाईत जे गमावले गेले त्याचा विचार कमी झाला आहे. फिल्म यंत्राखाली ठेवून तिची प्रतिमा घेतली गेली, आणि तिच्याभोवतीची चौकट, जिच्यावर एका हाताने खोडलेला काळ, दुसऱ्या हाताने घातलेला नवा काळ, छायाचित्रकाराची आद्याक्षरे, क्वचित पुठ्ठ्यावर फिल्म धुणाऱ्या कारखान्याने उमटवलेला महिना आणि वर्ष होते, ती पुष्कळ ठिकाणी टंकलिखित सारांशात आटोपली गेली. त्यानंतर जागेच्या अभावी अनेक विद्यापीठांनी कपाटेच मोडीत काढली. जो पुठ्ठा निरुपयोगी म्हणून गेला त्याच्यावर भिंतीच्या अवस्थेची एकमेव तारीख असू शकते हे तेव्हा लक्षात घेतले गेले नाही, आणि वर जिची उणीव सांगितली ती तारीख मिळवण्याचा शेवटचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

म्हणून ज्या विभागांत अजून कपाटे उरली आहेत, आणि भारतात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या संस्थांनी किंवा अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या, १९६५ मध्ये वाराणसीजवळ रामनगरला सुरू होऊन पुढे गुरुग्रामला गेलेल्या, कला व पुरातत्त्व केंद्राने कित्येक दशके जमवलेले छायाचित्रांचे साठे जेथे आहेत, तेथे रूपांतराचे काम फिल्मपासून नव्हे तर चौकटीपासून सुरू व्हायला हवे: प्रथम पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंची जशीच्या तशी प्रतिमा, मग फिल्मची. नोंदीतला जुना काळ पुसून नवा घालू नये. फर्ग्युसन यांचे सातवे शतक, मिराशींची ४७५ ते ५०० ही वर्षे आणि स्पिंक यांचा ४६२ ते ४८० हा काळ, तिन्ही, ज्याच्या त्याच्या नावासह आणि ज्या पुराव्यावर ते मत उभे आहे त्याच्या एका ओळीसह, एकाच नोंदीत राहावेत. जेथे छायाचित्राची तारीख नाही तेथे ती जागा रिकामी दिसेल अशी ठेवावी आणि पुठ्ठ्याचा प्रकार, फिल्मचा प्रकार, लेण्यातल्या दिव्यांची आणि लाकडी कठड्यांची स्थिती यांवरून तिचा अंदाज बांधता येतो का हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. अजिंठ्याच्या एका भिंतीच्या दहा-बारा जुन्या स्लाइड घेऊन त्यांचा काळ ठरवणे हा कलेतिहासाच्या वर्गातला उत्तम स्वाध्याय होईल, कारण त्यात विद्यार्थ्याला एकाच वेळी चित्र, गिलावा, रसायने, छायाचित्रण आणि आपल्या आधीच्या संग्रहपालाचे हस्ताक्षर वाचावे लागेल.